पुस्तकांचं प्रेम पगारात धरू नका

मोठ्या प्रकाशनगृहात काम करणाऱ्या कुणालाही नोकरीबद्दल विचारा, उत्तर बहुधा ठरलेलं असतं. काम छान आहे, सहकारी उत्तम आहेत, शिकायला भरपूर मिळतं, पुस्तकं फुकट मिळतात. पगार मात्र कमी, बढती रखडलेली, वरच्यांचं धोरण कळत नाही आणि घरी नेलेलं काम संपत नाही. आवडीची एक यादी, नावडीची एक यादी, आणि मग ‘शेवटी कुठल्या नोकरीत सगळंच मनासारखं असतं?’ असं म्हणून विषय मिटवायचा. मला तो मिटवणं मान्य नाही. या दोन याद्या एकमेकींपासून सुट्या नाहीत. पहिल्या यादीतल्या गोष्टी आहेत म्हणून दुसऱ्या यादीतल्या गोष्टी माणसं वर्षानुवर्षं खपवून घेतात, आणि व्यवस्थापनाला हे पक्कं ठाऊक असतं.

आधी पहिली यादी, कारण ती खोटी नाही. मी काही वर्षं अशा एका मोठ्या प्रकाशनगृहाच्या संपादकीय विभागात काढली आहेत. एकदा एका चरित्राची शेवटची प्रूफं चालू होती. पान दोनशेच्या आसपास एक मंत्री मरतो आणि चाळीसेक पानांनंतर तोच मंत्री एका पत्रावर सही करतो. लेखकाच्या नजरेतून ते सुटलं होतं, संपादकाच्या सुटलं होतं, बाहेर वाचायला दिलेल्या दोन अभ्यासकांच्याही सुटलं होतं. सापडलं ते नुकत्याच रुजू झालेल्या एका साहाय्यक संपादक मुलीला. तिनं पत्राची मूळ तारीख शोधून काढली. चूक एका आकड्याची होती, पण त्या आकड्यावर लेखकानं एक अख्खा युक्तिवाद उभा केला होता, तो कोसळला. परिच्छेद नव्यानं लिहायचा, आणि तोही तेवढ्याच ओळींत बसवायचा. एक ओळ वाढली तरी पुढची पानं सरकणार आणि तयार झालेली सूची पुन्हा करावी लागणार. लेखक फोनवर, ती संगणकासमोर, दोघं मिळून एकेक शब्द काढतायत आणि घालतायत. संध्याकाळी ते जमलं. पुस्तकात तिचं नाव कुठेही नाही, आणि त्याचं तिला त्या दिवशी काही वाटतही नव्हतं. ती बेहद्द खूष होती.

असं काम जगात फार ठिकाणी मिळत नाही. त्यात मोठ्या संस्थेचे म्हणून काही फायदे असतात, ते लहान प्रकाशकाकडे राबलेल्यांना जास्त कळतात. तिथे एकच माणूस संहिता वाचतो, कागदाच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करतो, मलपृष्ठावरचा मजकूर लिहितो आणि गठ्ठेही बांधतो. मोठ्या घरात मुखपृष्ठाला वेगळा विभाग, करारांना वेगळा, अनुवादाचे हक्क विकायला वेगळा, बदनामीचा दावा लागू शकेल का हे बघायला वकील. महिनाअखेरीस पगार होणार की नाही ही धाकधूक नसते. जुन्या पुस्तकांच्या आवृत्त्या संथपणे विकत राहतात आणि त्या पैशावर एखाद्या अनोळखी लेखकाच्या पहिल्या कादंबरीचा जुगार खेळता येतो. आणि सहकारी! दुपारी डबा खाताना अर्धविरामावरून कडाकडा भांडणारी माणसं दुसऱ्या कुठल्या कार्यालयात भेटणार? (फुकट पुस्तकांबद्दल एवढंच सांगतो की ती ठेवायला घर लागतं, आणि त्या पगारात मिळणारं घर पुस्तकांच्या मानानं लहान असतं.)

आता दुसरी यादी. तिच्यातला पहिला शब्द नेहमीच पगार असतो. त्यावर सगळ्यांत उघड भांडण झालं ते न्यूयॉर्कमध्ये. १० नोव्हेंबर २०२२ रोजी हार्परकॉलिन्सचे सुमारे २५० कर्मचारी संपावर गेले. संपादन, मुखपृष्ठ-मांडणी, प्रसिद्धी, विपणन, विक्री अशा विभागांतली ही माणसं. अमेरिकेतल्या पाच मोठ्या प्रकाशनसंस्थांपैकी तेव्हा कर्मचाऱ्यांची संघटना असलेली ही एकच. सुरुवातीचा किमान पगार वर्षाला ४५ हजार डॉलर होता, तो ५० हजार करा ही मुख्य मागणी. ऐन हिवाळ्यात कार्यालयाच्या दारात फलक घेऊन ते उभे राहिले, आणि संप मिटायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. करार मंजूर होताच किमान पगार ४७,५०० डॉलर, २०२५ पर्यंत तो ५० हजारांवर न्यायचा, आणि संघटनेतल्या प्रत्येकाला १,५०० डॉलर एकरकमी, अशी तडजोड झाली.

यातला हिशेब बघण्यासारखा आहे. मागणी किमान पगाराची होती, म्हणजे ती सगळ्यांना सारखी लागू होणार नव्हती. तरी समजा, अडीचशेच्या अडीचशे जणांना सरसकट पाच हजार डॉलर वाढवून दिले असते, तर वर्षाचा बोजा साडेबारा लाख डॉलर. जून २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात याच कंपनीचा व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा ३० कोटी डॉलरच्या वर होता. पुढच्या वर्षी तो चांगलाच घसरला, हेही सांगायला हवं. संप चालू असतानाच, जानेवारी २०२३च्या अखेरीस, कंपनीनं उत्तर अमेरिकेतले ५ टक्के कर्मचारी कमी करण्याचं जाहीर केलं. पण तीस कोटींच्या वर्षातही पगार ४५ हजारच होता. धंदा चांगला चालला की पगार आपोआप वाढतात, या समजाला त्या वर्षानं तरी आधार दिला नाही.

मग पगार ठरतो कशावर? त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जा. तिथे संगणकप्रणाली सांभाळणारे, लेखापाल, रॉयल्टीचे हिशेब करणारे बसतात. त्यांनाही आवडीनिवडी विचारा. साहेब कसा आहे, रजा मिळते का, येण्याजाण्याला किती वेळ लागतो, असलीच उत्तरं येतील. पुस्तकांवरचं प्रेम त्यांच्या बोलण्यात आलं तर आलं. आणि त्यांचा पगार बाजारभावाच्या आसपास ठेवावाच लागतो, कारण तो लेखापाल उद्या औषधांच्या कंपनीत जाऊन तेच काम करू शकतो. संपादकाला तसं जाता येत नाही. म्हणजे जाता येतं, पण जाहिरातीत किंवा एखाद्या कंपनीच्या अंतर्गत संपर्क विभागात. जे काम आवडलं म्हणून तो या धंद्यात आला ते काम तिथे नसतं. त्याच्या प्रेमाची किंमत म्हणतात ती ही. ज्याला दुसरीकडे जायचं नाही त्याच्याशी भाव करायची गरज पडत नाही. यात कुणी दुष्ट असायची गरज नाही. दाराबाहेर अर्जांचा ढीग असताना मनुष्यबळ विभागातला माणूस आकडा वाढवेल कशाला?

हा अन्याय सगळ्यांत उघडा पडतो तो वाचनाच्या बाबतीत. बाहेरचे लोक हेव्यानं म्हणतात, ‘वाचायचे पैसे मिळतात, मजा आहे तुमची.’ खरं तर संपादकाच्या कामातली ही एकच गोष्ट अशी आहे की तिचे पैसे मिळत नाहीत. कार्यालयातला दिवस जातो मेल, बैठका, कराराचे मसुदे, मुखपृष्ठाच्या चौथ्या पर्यायावरची चर्चा, ऑनलाइन दुकानांना पाठवायची पुस्तकाची माहिती आणि नफातोट्याचे अंदाजपत्रक यांत. कुठलं पुस्तक घ्यायचं याच्या बैठकीत विक्री विभाग विचारतो, ‘यासारखं अलीकडे काय चाललं होतं?’ आणि तुम्ही ज्या पुस्तकावर भाळलात त्याचा गुणच मुळी हा असतो की त्यासारखं दुसरं नाही. तरी तीन नावं शोधून द्यावी लागतात. या सगळ्यात हस्तलिखित उघडायला सवड होते ती रात्री जेवणानंतर, नाहीतर रविवारी. तीनशे पानांची संहिता नीट वाचून तिच्यावर दोन पानी अभिप्राय लिहायचा तर आठ-दहा तास कुठेच गेले नाहीत. आठवड्याला अशी एक जरी आली तरी सहावा दिवस भरला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा निदान आपखुशीनं भाजतो. इथे वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी विचारतात, ‘गेल्या वर्षात तुम्ही कोणती नवी हस्तलिखितं पुढे आणलीत?’

म्हणजे वाचलं नाही तर बढती नाही, आणि वाचलं तर ते हौस म्हणून जमा.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या प्रकाशनसंस्थांतल्या काही तरुण संपादकांनी एकापाठोपाठ एक राजीनामे दिले आणि कारणं समाजमाध्यमांवर उघडपणे लिहिली. कामाचा डोंगर, वरच्या जागा न हलणं, आणि संपादन करून वर साहाय्यकाची सगळी कारकुनी. त्यांच्या तक्रारीत नवीन काही नव्हतं. नवीन होतं ते त्यांनी नावानिशी बोलणं. हा धंदा लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि ‘कुरकुऱ्या’ असा शिक्का बसला की तो पुढच्या नोकरीपर्यंत पोचतो. बढतीचं गणितही विचित्र असतं: वरच्या खुर्चीतला माणूस तिथेच मुरलेला, त्यामुळे वर चढायचं तर शेजारच्या प्रकाशनगृहात उडी मारायची. माणूस गेला की त्याची अर्धवट पुस्तकं मागे राहतात आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडतात. लेखकाच्या दृष्टीनं तर पोरकेपणच. हस्तलिखित आवडणारा गेला, आता जो ते सांभाळतोय त्यानं ते कदाचित घेतलंही नसतं.

पण शेजारच्या प्रकाशनगृहात उडी मारायला शेजारी वेगळा तरी हवा. २०१३ मध्ये पेंग्विन आणि रँडम हाउस एक झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये या जोडसंस्थेनं सायमन अँड शूस्टर ही आणखी एक मोठी प्रकाशनसंस्था २१७ कोटी ५० लाख डॉलरला घेण्याचं जाहीर केलं. अमेरिकी सरकार कोर्टात गेलं, कादंबरीकार स्टीफन किंग यांनी सरकारच्या बाजूनं साक्ष दिली, आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी न्यायाधीश फ्लॉरेन्स पॅन यांनी विलीनीकरण रोखलं. त्या खटल्यातला मुद्दा वाचकाला पुस्तक महाग पडेल का हा नव्हताच. अडीच लाख डॉलर किंवा त्याहून जास्त आगाऊ मानधनाच्या पुस्तकांच्या बाजारात ही एकत्र संस्था जवळजवळ निम्मा वाटा गिळेल, बोली लावणारे कमी होतील आणि लेखकांना मिळणारी रक्कम घटेल, हा सरकारचा युक्तिवाद होता. गिऱ्हाईक कमी झालं की विकणाऱ्याचे हाल, एवढं साधं.

हा तर्क लेखकाला लागू पडतो, तर संपादकाला, मुद्रितशोधकाला, मुखपृष्ठकाराला का लागू पडू नये? तेही आपलं कसब विकतातच, आणि त्यांचं गिऱ्हाईकही तेच पाच. कोर्टापुढे तो प्रश्न आलाच नव्हता, त्यामुळे कोर्टाला बोल लावता येत नाही. बोल लावायचा तर आपल्याला. लेखकाचं आगाऊ मानधन हा साहित्याचा प्रश्न म्हणून आपण पाहतो आणि साहाय्यक संपादकाचा पगार हा कार्यालयातला किरकोळ मामला समजतो. सायमन अँड शूस्टर पुढे २०२३ मध्ये केकेआर या गुंतवणूक कंपनीनं १६२ कोटी डॉलरला घेतली, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना मालकीत वाटा देण्याची योजना जाहीर केली. त्या वाट्यातून हातात काय पडतं हे कंपनी पुन्हा विकली जाईल तेव्हा दिसेल. पण पुस्तकांचा धंदा करणाऱ्यांना जे सुचलं नाही ते निव्वळ पैशाचा धंदा करणाऱ्यांना सुचलं, याची मला गंमत वाटते.

प्रकाशकांचं उत्तर ठरलेलं आहे: नफ्याचं प्रमाण तुटपुंजं, बहुतेक पुस्तकं खर्चही भरून काढत नाहीत, दोन-चार चालतात त्यावर बाकीची पोसली जातात. हे बऱ्याच अंशी खरं आहे. त्या खटल्यात पेंग्विन रँडम हाउसचे तेव्हाचे प्रमुख मार्कुस डोले यांनी, या धंद्यात यश कुठे लागेल हे नशिबावर असतं, अशा अर्थाची साक्षच दिली. ठीक. पण यश जर लॉटरीसारखं लागत असेल, तर अपयशाचा भार सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसानं कमी पगाराच्या रूपानं का उचलायचा? लॉटरी लागते तेव्हा त्याला तिकिटाचे पैसेसुद्धा परत मिळत नाहीत. आणि जोखमीसाठी पैसा नसतो असं म्हणावं, तर ते विलीनीकरण फसल्यावर ठरल्याप्रमाणे २० कोटी डॉलर भरपाई म्हणून मोजावे लागले. त्या रकमेत नवं पुस्तक एकही निघालं नाही.

कर्मचाऱ्यांच्या नावडीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तिथे मी त्यांच्या बाजूनं पूर्ण नाही. मार्च २०२० मध्ये हॅशेट या प्रकाशनसमूहाच्या एका विभागानं चित्रपट दिग्दर्शक वूडी ॲलन यांचं आत्मचरित्र काढण्याचं जाहीर केलं. ५ मार्चला न्यूयॉर्कमधले कर्मचारी निषेध म्हणून काम सोडून बाहेर पडले, आणि दुसऱ्याच दिवशी प्रकाशकानं पुस्तक रद्द केलं. ॲलन यांचे पुत्र, पत्रकार रोनन फॅरो, ज्यांनी वडिलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांबाबत बहिणीची बाजू घेतली होती, त्यांचं पुस्तक याच समूहानं काढलेलं होतं. तेव्हा चीड समजण्यासारखी आहे. तरी कुठलं पुस्तक निघावं हे कार्यालयातल्या बहुमतानं ठरू लागलं, तर उद्या ते बहुमत कुणाच्या विरोधात जाईल सांगता येत नाही. मला स्वतःला न पटणाऱ्या पुस्तकांची प्रूफं मी तपासली आहेत, आणि त्यात चुका राहू नयेत म्हणून तितकाच जीव टाकला आहे. मात्र हा प्रसंग का उद्भवतो, हेही पाहायला हवं. नोकरीवर घेताना सांगायचं, ही नुसती नोकरी नाही, आपण सगळे एका मूल्यासाठी काम करतो. पगाराची भरपाई त्या मूल्यानं करायची. आणि मग कर्मचाऱ्यानं ते मूल्य खरं मानून जाब विचारला की त्याला आठवण करून द्यायची की बाबा, तू नोकर आहेस. पगार पुरेसा देऊन ‘निर्णय आमचा’ म्हणणारा प्रकाशक मला जास्त प्रामाणिक वाटतो.

हा प्रश्न कर्मचारी आणि मालक यांच्यापुरता असता तर मी इतकं लिहिलं नसतं. कमी पगारावर महागड्या शहरात दोन-चार वर्षं कोण काढू शकतो? ज्याच्या घरून पैसे येतात तो. बाकीचे अर्जच करत नाहीत, किंवा वर्षभरात निघून जातात. ली अँड लो या अमेरिकी प्रकाशनसंस्थेनं आपल्या उद्योगातल्या माणसांची पाहणी केली तेव्हा २०१५ मध्ये ७९ टक्के गोरे होते, २०१९ मध्ये ७६ टक्के. मधली चार वर्षं या विषयावर परिसंवाद आणि निवेदनं काही कमी झाली नव्हती. परिसंवाद स्वस्त पडतात. सुरुवातीचा पगार ही या धंद्याची खरी चाळणी आहे, आणि तिच्यातून जो वर्ग खाली उतरतो तोच पुढे दहा वर्षांनी ठरवतो की कुणाचं हस्तलिखित ‘आपल्या वाचकाला’ कळेल. वाचकाच्या हातात काय पडतं याची सुरुवात तिथे होते.

उपाय काय, तर फार गूढ नाहीत. नोकरीच्या जाहिरातीत पगाराचा आकडा छापा. न्यूयॉर्क शहरानं १ नोव्हेंबर २०२२ पासून ते कायद्यानं बंधनकारक केलंच आहे, आणि ते आकडे दिसू लागल्यावर कुणाचं प्रकाशनगृह बुडाल्याचं ऐकिवात नाही. वाचनाचे तास कामाच्या तासांत धरा. आठवड्यातला एक दिवस बैठकीविना, मेलविना, फक्त हस्तलिखितांसाठी, आणि तो कार्यालयाच्या वेळेत. पुस्तकात श्रेयनामावलीचं एक पान द्या. काही प्रकाशक देऊ लागले आहेत, आणि त्याला शाईपलीकडे खर्च नाही. पण नाव छापलं म्हणून पगारवाढ टाळायची नाही, कारण पुन्हा तोच व्यवहार नव्या नावानं सुरू होईल.

यावर एक आक्षेप मला गंभीर वाटतो. वाचनाचे तास खरोखर मोजले, तर आहे त्या माणसांत आहे तेवढी पुस्तकं निघणारच नाहीत. एकेका संपादकाच्या यादीतली चार-दोन गळतील, आणि गळतील ती बहुधा कमी खपाची. हे होईल, ते लपवण्यात अर्थ नाही. पण आज त्या चार-दोन पुस्तकांचं काय होतं तेही बघा. संपादकाला ती नीट वाचायला वेळ नसतो, प्रसिद्धी विभागाला त्यांचं नावही आठवत नाही, आणि महिन्याभरात ती दुकानाच्या समोरच्या फळीवरून उठतात. लेखकाला वाटतं आपण कमी पडलो. तशी पुस्तकं घाईनं काढण्यापेक्षा ती नम्रपणे नाकारली, किंवा ज्याच्याकडे त्यांच्यासाठी वेळ आहे अशा लहान प्रकाशकाकडे जाऊ दिली, तर मला चालेल. मोठ्या प्रकाशकाच्या यादीत काही पुस्तकं कमी दिसतील, आणि उरलेली कुणीतरी कामाच्या वेळेत, जागेपणी वाचलेली असतील.